रेकॉर्डच्या कव्हरवरची माणसे

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर कॅसेटचा एखादा खोका अजून पडलेला असेल. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला, पण कॅसेट टाकवत नाहीत. आमच्याकडेही तसा एक पत्र्याचा डबा आहे. वामनदादांची गीते, कव्वालीचे सामने, एका लग्नातल्या भाषणांचे कुणीतरी केलेले रेकॉर्डिंग आणि या साऱ्यांत एक परकी कॅसेट. आमचा एक मित्र मालवाहू जहाजावर कामाला होता, त्याने ती आणून दिली होती. गाणारा जमैकाचा बॉब मार्ली. कॅसेटचे नाव 'सर्व्हायव्हल', म्हणजे तगून राहणे, जिवंत उरणे.

आमचे इंग्रजी बेताचे, त्यात गाण्यांत जमैकाची बोली. शब्द निम्मे कळत, निम्मे सुटत. ठेका मात्र अंगात भिनला. आणि गाण्यांइतकेच लक्ष वेधून घेई ते कव्हर. त्यावर गायकाचा फोटोच नव्हता. नुसते ध्वज. रांगांमागून रांगा, लाल, हिरवे, पिवळे, काळे. वरच्या बाजूला एक आडवी पट्टी, तीत कॅसेटचे नाव आणि नावामागे काळ्या रंगाची बारीक नक्षी. कापडाच्या किनारीवर असते तशी ती नक्षीच आहे, असे आम्ही कितीतरी वर्षे समजत होतो.

पुढे एकदा फोर्टात, फुटपाथवर जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याकडे तेच कव्हर मोठ्या आकारात दिसले. बारा इंच बाय बारा इंच. आमची मुलगी बरोबर होती, तेव्हा चौथीत होती. तिने त्या पट्टीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "पप्पा, ही माणसं आहेत. सगळी जवळजवळ झोपवलीयत."

खरोखरच माणसे होती ती. आणि झोपवलेली नव्हती, भरलेली होती. गोदामात माल भरतात तशी.

ते चित्र एका जहाजाच्या नकाशाचे आहे. 'ब्रुक्स' हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराचे जहाज. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे विकत घ्यायची आणि अटलांटिक महासागरापलीकडे नेऊन विकायची, हा त्याचा धंदा. १७८८ साली ब्रिटिश संसदेने अशा जहाजांवर किती गुलाम भरावेत याचा कायदा केला. गुलामांचा व्यापार बंद केला नाही, मापात बसवला! त्या कायद्याप्रमाणे 'ब्रुक्स'वर ४५४ माणसे नेता येत. व्यापाराविरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींनी मग जहाजाची मापे घेऊन हिशेब मांडला. पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा, बाईला ५ फूट १० इंच लांबीची, मुलांना त्याहून कमी. लोकलच्या बाकावर एका माणसाला बसायला मिळते साधारण तेवढ्या रुंदीत आडवे पडायचे, पायात बेड्या, आणि प्रवास आठवड्यांचा. १७८८ च्या अखेरीस प्लिमथ गावात हा नकाशा पहिल्यांदा छापला गेला आणि १७८९ मध्ये लंडनला तो सुधारून काढला. लंडनच्या नकाशात ४८२ माणसे काढलेली आहेत. कायद्यापूर्वी याच जहाजाने एका फेरीत ६०० च्या वर माणसे नेली होती, ती कागदावर काढून दाखवणेही अशक्य होते.

हा नकाशा इंग्लंडभर भिंतींवर लागला. ब्रिटनने १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला त्यात या एका चित्राचा वाटा मोठा होता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केले, त्यांच्या देशातही या चित्राच्या प्रती गेल्या होत्या. पण आमच्या मनाला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. या 'ब्रुक्स'ने आपल्या फेऱ्यांत माणसे नेऊन उतरवली ती जमैकात. म्हणजे बॉब मार्लीच्याच बेटावर.

तर ते चित्र उचलून एका गाण्याच्या रेकॉर्डवर आणणारा माणूस कोण? गायकाचे नाव जगाला ठाऊक आहे. कव्हर काढणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते आणि ते कुणी वाचत नाही. नेव्हिल गॅरिक हे ते नाव.

गॅरिक यांचा जन्म १९५० चा, जमैकाची राजधानी किंग्स्टन इथला. ते बारा वर्षांचे असताना, १९६२ साली, देश स्वतंत्र झाला. मुलगा फुटबॉलमध्ये चांगला आणि हातात चित्रकला. पुढे ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेले. तिथे विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले आणि ग्राफिक डिझाइन शिकले. ग्राफिक डिझाइन म्हणजे आपल्याकडे ज्याला उपयोजित कला म्हणतात ते : जाहिरात, मुखपृष्ठ, भित्तिपत्रक, अक्षरांची मांडणी. पोरगा चित्रे काढतो म्हटल्यावर आपल्या घरांतून अजूनही "पोट भरेल का यावर?" असा प्रश्न येतो. जमैकातल्या घरांतूनही तो येत असणार.

ते दिवस साधे नव्हते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा लढा पेटलेला, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते. याच विद्यापीठात अँजेला डेव्हिस तत्त्वज्ञान शिकवत होत्या आणि त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद आहेत म्हणून विद्यापीठाचे संचालक मंडळ त्यांना काढून टाकायला निघाले होते. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरचे नाव ठेवले गेले, तिचे वारे त्या शहरात जोरात होते. अशा वातावरणात १९७० साली सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मिळून विद्यापीठाच्या विद्यार्थी भवनात एक मोठे भित्तिचित्र केले. नाव, 'द ब्लॅक एक्सपिरियन्स'. त्या सातांत गॅरिक होते. या चित्राचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. १९९०च्या दशकात इमारतीची दुरुस्ती निघाली आणि ते चित्र एका नव्या भिंतीआड झाकून टाकले गेले. दोन दशकांनी विद्यार्थ्यांनी लावून धरले तेव्हा ती भिंत काढली आणि चित्र पुन्हा उघडे झाले.

शिक्षण संपवून १९७३ साली गॅरिक किंग्स्टनला परतले आणि 'जमैका डेली न्यूज' या दैनिकात कला विभाग सांभाळू लागले. वर्तमानपत्रातल्या नोकरीचे एक असते. चित्र चांगले की वाईट याच्या आधी ते वेळेवर हवे आणि उद्या रद्दीत जाणाऱ्या कागदावरही वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरायला हवे. तिथूनच त्यांची मार्लींशी ओळख वाढली आणि दोन-तीन वर्षांत ते मार्लींच्या 'टफ गाँग' या संस्थेचे कला दिग्दर्शक झाले.

त्याआधी मार्लींच्या रेकॉर्डची कव्हरे कशी होत होती ते पाहिले म्हणजे फरक कळतो. रेकॉर्ड लंडनच्या 'आयलंड' कंपनीच्या आणि कव्हरे परदेशातले चित्रकार करत. १९७३ च्या 'कॅच अ फायर' या रेकॉर्डचे कव्हर सिगारेट पेटवण्याच्या लायटरसारखे होते. वरचे झाकण उघडायचे, आत ज्योत. कल्पना चतुर होती, नाही असे नाही. पण ते झाकण हाताने जोडावे लागे, खर्च फार येई, म्हणून सुरुवातीच्या २०,००० प्रतींनंतर ते बंद केले आणि मार्लींचा फोटो टाकला. लायटर काय किंवा गांजा ओढणारा मार्ली काय, दोन्ही चित्रे बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी काढलेली. गाण्यांत होते ते दारिद्र्य, भूक, गुलामीची आठवण. कव्हरवर त्यातले काही नव्हते.

१९७६ साली 'रास्तामॅन व्हायब्रेशन'चे कव्हर गॅरिक यांनी केले. पार्श्वभूमी काय घेतली असेल? गोणपाट! कव्हरचा कागदच गोणपाटासारखा खरबरीत दिसेल असा छापला आणि त्यावर लष्करी शर्ट घातलेला मार्ली जलरंगात रंगवला. जमैकात ऊस, कॉफी, केळी यांच्या मळ्यांवर राबणाऱ्या माणसांच्या पाठीवरचे पोते ते. हमाली केलेल्या कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. लंडनच्या कचेरीत बसून ते सुचणे कठीण होते.

गॅरिक काम कसे करत हे समजून घेण्यासारखे आहे. कंपनीकडून तयार गाण्यांची टेप आली, ती दोनदा ऐकली आणि चित्र काढून पाठवले, असा प्रकार नव्हता. ते त्या घरात, त्या ताफ्यात राहत होते. किंग्स्टनच्या ५६, होप रोड या मार्लींच्या घरी गाणे बांधले जात असताना, तालीम चालू असताना, अंगणात फुटबॉल चालू असताना ते तिथे असत. दौऱ्यावर निघाले की रंगमंचामागचे मोठे पडदे तेच रंगवत. त्यांवर मार्कस गार्वे आणि इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी यांच्या प्रतिमा असत. रंगमंचावरचे दिवेही तेच चालवत. कोणत्या ओळीला लाल प्रकाश यायचा आणि कुठे अंधार करायचा हे ठरवायचे तर गाणे तोंडपाठ लागते. म्हणून रेकॉर्ड पुरी व्हायच्या आत तिचे चित्र त्यांच्या मनात तयार होत असावे, असे आम्हाला वाटते. (हेले सेलासी यांना देव मानणारा रास्ताफारी पंथ मार्ली आणि गॅरिक दोघांचाही होता. राजाला देव मानणे आम्हाला पटणारे नाही. पण ज्यांना शतकानुशतके शिकवले गेले की देवाचा रंग गोरा असतो, त्यांनी काळ्या रंगाचा देव शोधला यातला सल समजू शकतो.)

डिसेंबर १९७६ मध्ये त्या होप रोडच्या घरात बंदूकधारी शिरले. मार्ली, त्यांच्या पत्नी रिटा आणि व्यवस्थापक यांना गोळ्या लागल्या. जीव वाचले. त्यानंतर मार्लींनी देश सोडला आणि १९७७ साली लंडनमध्ये 'एक्झोडस' ही रेकॉर्ड केली. 'एक्झोडस' म्हणजे एका समाजाने गुलामीच्या भूमीतून एकत्र बाहेर पडणे. जगभर गाजलेल्या, नुकत्याच गोळीबारातून वाचलेल्या गायकाचा चेहरा कव्हरवर टाकला असता तर तो खपलाच असता. गॅरिक यांनी चेहरा घेतला नाही. सबंध कव्हर सोनेरी आणि मधोमध लाल अक्षरांत एकच शब्द. अक्षरे इंग्रजी, पण वळण इथिओपियाच्या अम्हारिक लिपीचे. दुरून पाहिले तर परकी लिपी, जवळ गेले तर वाचता येते. त्या काळी संगणक नव्हता. अक्षर हाताने काढायचे, कापायचे, चिकटवायचे, मग त्याचा फोटो घेऊन छपाईच्या प्लेटी करायच्या. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ मध्ये 'एक्झोडस'ला शतकातली सर्वोत्तम रेकॉर्ड ठरवले. तो मान गाण्यांचा, पण ती रेकॉर्ड डोळ्यांसमोर येते ती त्या सोनेरी चौकोनाच्याच रूपात.

पुढच्या वर्षीच्या 'काया'वर हसरा मार्ली आहे. तो फोटो केट सायमन यांचा, गॅरिक यांचे काम मांडणीचे. 'बॅबिलॉन बाय बस' या मैफलींच्या रेकॉर्डवर बसचे चित्र काढून तिच्या खिडक्या खऱ्याच कापल्या होत्या. आतले पाकीट फिरवले की खिडक्यांतून वेगवेगळी दृश्ये दिसत. लहान मुलांना फार आवडावे असे ते काम.

मग १९७९. रेकॉर्डचे नाव आधी 'ब्लॅक सर्व्हायव्हल' ठरले होते. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून पहिला शब्द गाळला गेला. आमच्या मते शब्द गेला तरी गॅरिक यांनी तो चित्रात परत आणला. खाली आफ्रिकेतल्या ४० हून अधिक देशांचे ध्वज, बहुतेक देश १९५०च्या दशकानंतर स्वतंत्र झालेले. वर गुलामांचे जहाज. तो जुना नकाशा काढणाऱ्या इंग्रजांचा हेतू चांगला होता, पण त्यांच्या चित्रातली माणसे म्हणजे एकसारख्या काळ्या आकृत्या. नाव नाही, चेहरा नाही, हालचाल नाही. दया यावी एवढ्यासाठी काढलेली. गॅरिक यांनी ते चित्र जसेच्या तसे घेतले, त्यात एक रेघ वाढवली नाही. फक्त त्यावर 'सर्व्हायव्हल' हा शब्द ठेवला. ही माणसे मेली नाहीत. ज्यांना तुम्ही माल म्हणून मोजले त्यांची पोरे आज गाताहेत आणि ज्या भूमीतून त्यांना उचलले तिथे आज स्वतःचे ध्वज आहेत. सगळे भाषण एका पट्टीत आणि काही रांगांत झाले.

ध्वजांतही पाहणाऱ्याला कामे आहेत. आमच्या मुलीने शाळेच्या नकाशावहीतले ध्वज समोर ठेवून एक सबंध रविवार त्यावर घालवला. संध्याकाळी तिने जाहीर केले की एक ध्वज आफ्रिकेतला नाहीच. तो पापुआ न्यू गिनीचा आहे, ऑस्ट्रेलियाजवळच्या देशाचा. बरोबरच होते तिचे. आणि एका देशाचा ध्वज त्यावर असणे शक्यच नव्हते. झिंबाब्वे. रेकॉर्ड ऑक्टोबर १९७९ मध्ये निघाली तेव्हा तिथला मुक्तिलढा संपला नव्हता, झिंबाब्वे-ऱ्होडेशिया असे त्या देशाचे नाव होते. गॅरिक यांनी तिथल्या सरकारचा ध्वज घेतला नाही. लढणाऱ्या दोन संघटनांचे, झानू आणि झापू यांचे, ध्वज घेतले. रेकॉर्डमध्ये 'झिंबाब्वे' नावाचे गाणेही होते. सहा महिन्यांत, १८ एप्रिल १९८० रोजी, देश स्वतंत्र झाला. त्या सोहळ्यात ब्रिटिश ध्वज उतरून नवा ध्वज चढला तेव्हा त्याच मैदानावर मार्ली गायले. कव्हरवर नसलेला तो ध्वज.

१९८० चे 'अपरायझिंग' आम्हाला त्या मानाने ढोबळ वाटते. डोंगरामागून उगवता सूर्य, मुठी उंचावलेला मार्ली. असे चित्र आपल्याकडच्या सभांच्या भित्तिपत्रकांवरही पुष्कळदा पाहिलेले असते. पण गायकाला कर्करोगाने ग्रासले होते त्या दिवसांतले ते काम आहे, हे लक्षात घेतले की टीका करायचे धैर्य होत नाही. ११ मे १९८१ रोजी मार्ली वारले, वय अवघे ३६. दोन वर्षांनी मागे राहिलेल्या गाण्यांची 'कन्फ्रंटेशन' ही रेकॉर्ड निघाली. तिच्यावर गॅरिक यांनी मार्लींना पांढऱ्या घोड्यावर बसवून भाल्याने अजगरासारखा राक्षस मारताना दाखवले. ही मांडणी ख्रिस्ती संत जॉर्जच्या चित्रांतली, इथिओपियातल्या चर्चमध्ये ती सर्रास दिसते. कव्हर उघडले की आत अदवाच्या लढाईचे चित्र. १८९६ साली इथिओपियाच्या फौजेने युरोपातल्या इटलीचा तिथे पराभव केला होता. मित्राच्या मरणानंतरच्या कव्हरवर हार घातलेला फोटो आला नाही.

त्यानंतरही गॅरिक थांबले नाहीत. बर्निंग स्पिअर, स्टील पल्स अशा रेगे गायकांच्या आणि वाद्यवृंदांच्या रेकॉर्डवर त्यांची चित्रे आहेत. होप रोडच्या घराचे १९८६ साली संग्रहालय झाले, त्याच्या उभारणीत ते पुढे होते. इथिओपियात फिरून तिथल्या माणसांची छायाचित्रे त्यांनी काढली, त्यांचे पुस्तक निघाले. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी ते गेले. इकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आमच्या तरी पाहण्यात आली नाही.

या काळात कव्हर लहान लहान होत गेले. बारा इंचांचे पाकीट जाऊन तळहाताएवढी कॅसेट आली, मग सीडी, आता मोबाइल. परवा मुलगी माहेरी आली होती, तिने मोबाइलवर तीच गाणी लावली. पडद्यावर ते कव्हर अंगठ्याच्या नखाएवढे. ध्वज कसेबसे ओळखू येत होते आणि वरची पट्टी पुन्हा किनारीच्या नक्षीसारखी दिसत होती. तिचा मुलगा शेजारी बसला होता. तिने दोन बोटांनी ते चित्र मोठे केले आणि मोबाइल त्याच्याकडे सरकवला. त्याने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आई, हे किती आहेत?" तिने त्याला मोजायला सांगितले.